धंद्याची शाळा की धंदा?

पदवी परीक्षेचे निकाल लागले, पावसाने तोंड दाखविले, की आमच्या बीड जिल्ह्यात दोन प्रकारची माणसे गावोगाव हिंडू लागतात. एक कारखान्याचा मुकादम आणि दुसरा कॉलेजांचा दलाल. मुकादम नवराबायकोच्या जोडीला उचल देतो आणि पुढच्या हंगामापुरता तो कोयता आपल्या नावावर बांधून घेतो. दलाल पोराला पुण्यामुंबईच्या कॉलेजात एम. बी. ए. ची जागा मिळवून देतो आणि बापाला बँकेचे दार दाखवितो. पहिल्याला आम्ही ओळखतो, कारण त्याने आमच्या दोन पिढ्या ऊसतोडीला नेल्या आहेत. दुसऱ्याला मात्र आम्ही ओटीवर बसवून चहा पाजतो, कारण तो इंग्रजी कागद दाखवितो.

आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंपुढे हल्ली जो प्रश्न पडला आहे तो असा. पोरगा बी. कॉम., बी. एस्सी. किंवा इंजिनिअर झाला. घरी तीनचार एकर कोरडवाहू, थोडी पुंजी, थोडी पत. या पुंजीवर त्याला धंदा शिकविणाऱ्या मोठ्या शाळेत आणखी दोन वर्षे घालावे, की तीच पुंजी हाती देऊन त्याला स्वतःचा धंदा काढू द्यावा? या प्रश्नाला उत्तर देणारे उंटावरचे शहाणे पुष्कळ आहेत. कोणी म्हणतो, शिकल्याशिवाय गती नाही. कोणी म्हणतो, मारवाड्याचा पोरगा कोठे एम. बी. ए. होतो? दोघेही अर्धेच बोलतात. आम्ही आज या प्रश्नाचा जमाखर्च मांडणार आहोत.

प्रथम ही शाळा काय आहे ते पाहू. अमेरिकेत फिलाडेल्फियास १८८१ साली व्हार्टन नावाची धंदेशिक्षणाची शाळा निघाली, आणि १९०८ साली हार्वर्ड विद्यापीठाने आपली शाळा काढून एम. बी. ए. ही पदवी चालू केली. आपल्या देशात १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे सरकारने दोन व्यवस्थापन संस्था काढल्या. अहमदाबादच्या संस्थेला हार्वर्डचेच साह्य होते. १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था निघाली. २०१५ साली नागपुरास तशीच सरकारी संस्था आली. या सर्व शाळांचा मूळ हेतू एकच. रेल्वे, गिरण्या, पोलाद, बँका असे अफाट कारखाने उभे राहिले, मालक एकटा त्यांवर देखरेख ठेवू शकेना, म्हणून त्याला शिकलेला कारभारी पाहिजे झाला. असा कारभारी तयार करण्याची ही शाळा आहे. तीतून मालक निघत नाहीत असे नाही. पण शाळेचा साचा कारभाऱ्याचा आहे. ही गोष्ट ज्याने आधी ध्यानात घेतली त्याचा अर्धा घोटाळा तेथेच मिटला.

मग पेठेतल्या व्यापाऱ्याचा मुलगा या शाळेत न जाता धंदा कसा करतो? त्याचे कारण दैवी नाही. तो सातव्या वर्षी बापाच्या गादीशेजारी बसतो. कोणाला उधार द्यावे, कोणाला हसून नाही म्हणावे, माल केव्हा धरावा, केव्हा सोडावा, हुंडीची मुदत काय, हे तो जेवताजेवता ऐकतो. विसाव्या वर्षी त्याची तेरा वर्षांची शाळा पुरी झालेली असते आणि तिचे शुल्क शून्य. आमच्या पोराने त्याच तेरा वर्षांत काय ऐकले? कापूस वेचला, मोंढ्यावर नेला, आडत्याने भाव सांगितला, बापाने मान हलविली. विकण्याच्या बाजूला आम्ही उभे राहिलो, पण भाव ठरविण्याच्या बाजूला कधी बसलो नाही. सुतार, लोहार, शिंपी, कुंभार, तेली यांच्या घरी हातात कसब आहे. पण त्या कसबाची किंमत ठरविणारा निराळा. तेव्हा धंद्याचे शिक्षण आम्हांस लागत नाही असे जो म्हणेल तो आमचा हितशत्रू आहे. शिक्षण पाहिजेच. प्रश्न इतकाच की ते कोठे घ्यावे आणि त्याची किंमत किती मोजावी.

आता हिशेब करू. समजा एका खाजगी कॉलेजचे दोन वर्षांचे शुल्क ५ लाख ६० हजार, आणि पुण्यास खोली व मेस मिळून महिना १० हजार, म्हणजे दोन वर्षांचे २ लाख ४० हजार. एकूण झाले ८ लाख. हे सर्व कर्जाने काढले, व्याज शेकडा १० आणि मुदत दहा वर्षे, तर महिन्याचा हप्ता सुमारे १० हजार ५७० रुपये बसतो आणि दहा वर्षांत फेड होते १२ लाख ६८ हजारांची. शिकत असता चढणारे व्याज निराळे. शिवाय ही दोन वर्षे पोरगा कोठे १२ हजारांवर जरी कामाला असता तरी २ लाख ८८ हजार घरी आले असते. तेही खर्चातच धरले पाहिजे. आता पदवी घेऊन त्याला पुण्यात २० हजारांची नोकरी लागली, तर साडेदहा हजार बँकेला आणि बाकीचे खोलीला व पोटाला. आईबापाला पाठविण्यास राहिले काय? दहा वर्षे त्याला ती नोकरी सोडता येत नाही, साहेबाला उलट बोलता येत नाही, स्वतःचा धंदा काढता येत नाही. बंधूंनो, याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते सांगावयास नको. याला उचल म्हणतात. कोयत्याची उचल एका हंगामात फिटली नाही तर दुसऱ्या हंगामावर चढते. ही उचल दहा हंगामांची असते. अंगावर कोट आहे एवढाच फरक.

म्हणून आम्ही या शाळेला नको म्हणतो काय? मुळीच नाही. शाळाशाळांत फरक आहे, आणि तो ओळखण्याची एक सोपी खूण आम्ही सांगतो. अहमदाबाद, कलकत्ता यांसारख्या अव्वल सरकारी संस्थांचे दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या पुढे जाते. तरीही अशा संस्थांत प्रवेश मिळालेल्या मुलाला बँका जमीन तारण न घेता कर्ज देतात. आणि साधारण कॉलेजासाठी साडेसात लाखांवर कर्ज मागावयास गेले की तीच बँक म्हणते, सातबारा आणा. याचा अर्थ उघड आहे. पहिल्या जागी बँकेला पदवीवर भरवसा आहे. दुसऱ्या जागी तिला तुमच्या जमिनीवर भरवसा आहे. ज्या पदवीवर सावकाराचाही विश्वास नाही तिच्यासाठी आपली काळी आई गहाण का टाकावी?

अव्वल संस्थांची दारे आमच्यासाठी कोणी आपण होऊन उघडलेली नाहीत. अनुसूचित जातीजमातींच्या जागा घटनेच्या बळावर मिळाल्या. इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्के जागांचा कायदा २००६ साली झाला, त्यावर कज्जा चालला, आणि १० एप्रिल २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरल्यावर त्या जागा मिळू लागल्या. तेथे गरजू विद्यार्थ्यास घरचे उत्पन्न पाहून शुल्कात सवलतही मिळते. हे सर्व असता आमचा हुशार पोरगा ती परीक्षाच देत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि त्याऐवजी दलालाच्या मागे जाऊन रोख पैसे मोजतो. हा घाटा पैशाचा नाही, हक्काचा आहे. ज्याच्या अंगी गणित आहे, वाचन आहे, त्याने वर्षभर कमरेला पदर खोचून अभ्यास करावा. नोव्हेंबरात होणारी सरकारी संस्थांची कॅट परीक्षा द्यावी, राज्याची सीईटी द्यावी. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था कोणत्या वर्गाला कशाकशाची शिकवणी व मदत देतात ते तेथेच विचारावे. अव्वल जागी नाव लागले तर खुशाल जावे. तेथे मिळणारी विद्या तर खरीच, पण त्याहून मोठी गोष्ट तेथे मिळते ती ओळख. उद्याचे कारखानदार, बँकवाले, अधिकारी तेथे एका बाकावर बसतात. वरच्या वर्गाच्या मुलांना ही ओळख जन्मतःच मिळते. आमच्या मुलाला ती तेथेच मिळू शकते. तिची किंमत कर्जाहून अधिक आहे.

पण तेथे नाव लागले नाही तर? तर दलालाला हात जोडून वाटेला लावावे. अगदीच जावयाचे असेल तर कॉलेजाला तीन गोष्टी विचाराव्या. एक, त्याचे ठरलेले शुल्क किती? राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण दरवर्षी ते प्रसिद्ध करते, त्याहून एक पैसाही अधिक देऊ नये. दोन, गेल्या साली किती मुले बाहेर पडली आणि त्यांतली किती कामाला लागली? तीन, मधल्या मुलाला पगार किती? जाहिरातीत सर्वांत मोठा पगार छापतात. शंभर मुले पगाराप्रमाणे ओळीत उभी करा आणि पन्नासाव्याला विचारा. तो सांगेल तो खरा पगार. तो जर महिना ३५ हजारांच्या खाली असेल तर वरचा जमाखर्च पुन्हा वाचा. कॉलेज या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी देईना तर उठून यावे. दुरून डोंगर साजरे.

आता दुसरी बाजू. धंदा, धंदा म्हणून जो उठतो त्यालाही आम्ही तसाच हिशेब विचारणार. आमच्या जिल्ह्याचे सीताफळ घ्या. बालाघाटाच्या माळरानावर ते आपसूक येते, २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पुण्यामुंबईत त्याच्या गराचे आइस्क्रीम, रबडी होते. तेव्हा गर काढण्याचा कारखाना काढावा असे कोणाही हुशार पोराच्या मनात येईल, आणि यावेच. पण या फळाचा स्वभाव पाहा. दसऱ्याच्या आगेमागे दोनअडीच महिने ते येते. पिकले की दोनचार दिवसांत जाते. गर तापविला तर कडवट होतो, रंग काळवंडतो. म्हणून तो गोठवूनच ठेवावा लागतो. म्हणजे शीतयंत्र आले, रात्रंदिवस वीज आली, आणि वीज गेली तर जनित्र आले. समजा यंत्रासाठी ५ लाखांचे कर्ज पाच वर्षांच्या मुदतीने, शेकडा १० व्याजाने काढले. हप्ता बसतो १० हजार ६२३. पाहा, मौज अशी की कॉलेजाच्या कर्जाचा आणि या यंत्राचा हप्ता जवळपास सारखाच आहे! वर्षाला झाले १ लाख २७ हजार. फळ दोनअडीच महिने, हप्ता बारा महिने. फळ रोखीने घ्यावयाचे, कारण शेतकरी उधार देणार नाही. आणि गर विकावयाचा उधारीने, कारण शहरातला आइस्क्रीमवाला रोख देणार नाही. मधल्या खिंडीत जो पैसा लागतो त्याला खेळते भांडवल म्हणतात. आमची पोरे यंत्र घेण्यास सगळा पैसा घालतात आणि खेळत्या भांडवलाला काही ठेवीत नाहीत. माल चांगला, गिऱ्हाईक आहे, नफाही कागदावर आहे, आणि तरी धंदा बसतो. मग गाव म्हणते, पोराला अक्कल नव्हती. अक्कल होती, हिशेब नव्हता.

हा हिशेब शिकविण्यास दोन वर्षे आणि आठ लाख लागत नाहीत. पण तो शिकावा लागतोच. आमच्याच जिल्ह्याचे, आष्टी तालुक्याचे दादासाहेब भगत यांचे नाव हल्ली पुष्कळांच्या तोंडी आहे. दहावीनंतर आय. टी. आय. केलेला हा शेतकऱ्याचा मुलगा पुण्यास इन्फोसिस कंपनीच्या अतिथिगृहात पडेल ते काम करीत होता. संगणकावर काम करणाऱ्यांना पाहून त्याने दिवसा नोकरी व रात्री शिक्षण असे करीत चित्रकाम आणि ॲनिमेशन शिकून घेतले, पुढे स्वतःची कंपनी काढली, आणि २०२० च्या टाळेबंदीत गावी परतून गुरांच्या गोठ्यात संगणक मांडून काम चालविले. दूरचित्रवाणीच्या शार्क टँक या कार्यक्रमात अमन गुप्ता या उद्योजकाने त्यांच्या डूग्राफिक्स या धंद्याच्या दहा टक्के हिश्श्याला एक कोटी रुपये देऊ केले. हे ऐकून गावची पोरे म्हणतात, पाहा, शिक्षणावाचून काही अडत नाही. उलटा अर्थ काढला! तो मनुष्य शिकला नाही असे नाही. तो रात्री शिकला, पगारातून शुल्क भरून शिकला, आणि पाहिजे तेच शिकला. उचल न घेता शिकला, एवढाच त्यातला मंत्र आहे.

आणि हा मंत्र नवा नाही. जोतीराव फुले यांना आपण शाळा काढणारे म्हणून ओळखतो. पण ते पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे चालक होते. कात्रजच्या बोगद्याचे, येरवड्याच्या पुलाचे काम त्यांच्या कंपनीने केले, आणि दागिने ओतण्याच्या साच्यांची विक्रीही ते करीत. त्या धंद्याच्या पैशावर त्यांचा कोणापुढेही हात पसरण्याचा प्रसंग टळला आणि मनास येईल ते छापता आले. जो दुसऱ्याच्या ताटाखालचे मांजर आहे त्याला खरे बोलता येत नाही. धंद्याची पहिली कमाई पैसा नसून ही मोकळी जीभ आहे.

धंद्यात आमच्या लोकांना आणखी एक धोंड आडवी येते, आणि ती कोणत्याही व्यवस्थापन शाळेच्या पुस्तकात ठळक छापलेली नसते. ती जातीची. कोल्हापुरास गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान घातले तेव्हा वरच्या जातीचे गिऱ्हाईक येईना. राजर्षी शाहू महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करून तेथला चहा स्वतः पीत आणि बरोबरच्यांनाही पाजीत. महाराजांना ठाऊक होते की अस्पृश्याला नुसते भांडवल देऊन दुकान चालत नाही, गिऱ्हाईकही मिळवून द्यावे लागते. आज आमच्यापाशी महाराज नाहीत. तेव्हा आम्हीच ते काम केले पाहिजे. चांभाराच्या पोराने खाणावळ काढली, पारध्याच्या पोराने किराणा घातला, तर पहिला चहा, पहिला किलो साखर आपण घ्यावयास पाहिजे. भाषणात एकजूट आणि बाजारात जात, असे करणाऱ्याने आपल्या मुलाच्या धंद्याला गाव येत नाही म्हणून रडू नये.

दुसरी धोंड उधारीची. मावसभाऊ, साडू, मास्तर, सरपंच, सगळे नवीन दुकानातून उधार नेतात, आणि मागितले की नाती तुटतात. तिसरी धोंड सोयरिकीची, आणि ती आम्हीच उभी केलेली आहे. मुलगी देताना आम्ही विचारतो, मुलगा नोकरीला कोठे आहे? पुण्यात पंधरा हजारांवर राबणारा, हप्त्यात बुडालेला मुलगा "मॅनेजर" म्हणून पास. आणि गावी खव्याची भट्टी चालवून कर्जावाचून पंचवीस हजार सोडविणारा मुलगा नापास. मग पोरे लग्नासाठी पदवी घेतात, पदवीसाठी कर्ज काढतात आणि कर्जासाठी नोकरी धरतात. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. सोयरीक जुळविताना पगाराची चिठ्ठी पाहतो त्याप्रमाणे धंद्याची वही पाहण्याची चाल पाडली पाहिजे.

आणि या सगळ्यात मुलीचे नाव कोठे आहे? २०१९ ते २१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत आमच्या जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांत चाळिसांहून अधिक अशा निघाल्या की ज्यांचे लग्न अठराच्या आत झाले. ज्या घरात मुलाच्या एम. बी. ए. साठी एकर विकण्याची भाषा चालते त्याच घरात मुलीला बारावीनंतर घरी बसवितात. साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडचे उदाहरण पाहा. तेथल्या कष्टकरी बायकांनी बँक काढण्याचे ठरविले, तर निरक्षर बायका बँक काय चालविणार म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, तुम्ही रक्कम सांगा, आम्ही व्याज तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली, आणि २००६ साली तिच्याच जोडीने बायकांसाठी धंदेशिक्षणाची शाळा निघाली. ती गाडीत बसून खेड्यात जाते. कोंबड्या, शिलाई, भाजी, खानावळ यांचा जमाखर्च तेथे शिकवितात. तीही बिझनेस स्कूलच आहे! पदवी नाही, दलाल नाही, सातबारा नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींसाठी व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीचा निर्णय केला आहे. आपल्या मुलीचा अभ्यासक्रम व वर्ग त्यात बसतो की नाही हे प्रवेशाआधी नक्की करून घ्यावे. बसत असेल तर मुलीला पाठविण्यास आता कोणती सबब उरली?

मग पोराने करावे काय, असे तुम्ही विचाराल. आमचे मत स्पष्ट आहे. अव्वल संस्थेत नाव लागले तर शिकावे. न लागले तर जमीन विकून किंवा गहाण टाकून पदवीही घेऊ नये आणि धंदाही काढू नये. श्रीमंताच्या पोराचा धंदा बुडाला तर बाप दुसरा काढून देतो. आमच्या पोराचा बुडाला तर कोयता हाती येतो. म्हणून त्याने दोन वर्षे दुसऱ्याच्या गादीवर काढावी. जो धंदा करावयाचा त्याच धंद्यात पगार थोडा घेऊन नोकरी धरावी. आडतीवर, जिनिंगवर, डेअरीत, यंत्राच्या दुकानात, जेथे खरेदी, विक्री, वसुली तिन्ही पाहावयास मिळतील तेथे. रोज रात्री वही लिहावी. ताळेबंद, वस्तू व सेवा कर, बँकेचा व्यवहार हे शिकून घ्यावे. जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, तेथे फुकट शिकवितात. १९८८ साली निघालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे, त्याचे मुख्य ठाणे आमच्या शेजारी छत्रपती संभाजीनगरला आहे. या दोन वर्षांत पोराला आठ लाख लागत नाहीत, उलट दोन पैसे गाठीला पडतात.

मग धंदा लहान काढावा. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण अशी तारणावाचून कर्जे २०१५ पासून आहेत. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ साली निघाला; त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. पण अनुदान मिळते म्हणून धंदा काढू नये. धंदा बसतो म्हणून अनुदान घ्यावे. उद्यम नोंदणी पहिल्याच दिवशी करावी, कारण २००६ च्या कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन मोठ्या गिऱ्हाइकावर आहे. एक वर्ष बुडीत गेले तरी घर तगेल, इतकेच कर्ज काढावे. अंथरूण पाहून पाय पसरावे. आणि जास्त व्याजाच्या लोभाने गाठीचे भांडवल कोठेही ठेवू नये. २०२३ साली बीडच्या मल्टिस्टेट पतसंस्थांनी ठेवी परत देणे थांबविले तेव्हा लेकीच्या लग्नाचे आणि पोराच्या धंद्याचे पैसे एकाच खड्ड्यात गेले. ताळेबंद वाचता आला असता तर पुष्कळजण वाचले असते.

आणि एकट्याला जड वाटत असेल तर पाचसात जणांनी मिळून काढावा. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील फार शाळा शिकलेले नव्हते. पण त्यांनी शेतकरी गोळा केले आणि केंब्रिजला शिकून आलेले अर्थशास्त्री धनंजयराव गाडगीळ यांना अध्यक्ष केले. १९५० साली प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा साखर कारखाना गाळप करू लागला. शिकलेला कोण आणि मालक कोण, हे त्यांनी बरोबर ओळखले. विद्या कोणापाशीही असो, ती नम्रपणे घ्यावी. मालकी मात्र आपल्या हाती ठेवावी. पुढे त्या चळवळीचे काय झाले आणि त्याच उसासाठी आमच्या जिल्ह्याला कोयता कसा उचलावा लागला, हा निराळा लेख होईल.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत आगगाडी सुरू झाली. १९९५ साली मंजूर झालेला मार्ग तीस वर्षांनी बीडला पोहोचला. ही गाडी दोन्ही दिशांनी जाते. तीत बसून आमची पोरे शहरात हप्ते फेडावयास जातील, की आमचा माल, आमचा गर, आमचा खवा, आमचे शिवलेले कपडे शहरात जातील, हे रेल्वे ठरविणार नाही. ते या पावसाळ्यात आमच्या ओटीवर ठरेल. दलाल समोर बसला असेल तेव्हा. त्या वेळी शेतकरी दादाने आणि माउलीने पोराला जवळ बसवावे, कागद घ्यावा, जमा एकीकडे व खर्च एकीकडे लिहावा, आणि सही करण्याआधी एकच गोष्ट विचारावी : बाळा, ही उचल किती हंगामांची?